डब्बीवर ओलं पोतं

१० एप्रिल २०२२, रविवार. मोहाडी.

आधी सगळ्यांची तब्येत. पार्वताबाई, तुझा डावा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधलंस, उतार पडला का? रत्नमाला सूनबाई, खोकला गेला का, की आशाताईचं काम म्हणून उन्हात घरोघर फिरून आणखी वाढवलास? शेजारच्या तुलाराम, पोटातली गुडगुड थांबली का? आणि त्याच्या घरच्या रुखमिणी, बिड्या वळून बोटं सुजली होती तुझी, आता कशी आहेत? विहारासमोरच्या कडुनिंबा, तू फुलला आहेस, म्हणजे मजेत आहेस. मी, परसराम मेश्राम, वय बहात्तर, ठीक आहे. फक्त ऊन चढलं की काळीज लकलक करतं, ते जुनंच.

रोजनिशी अशी सुरू करत नाहीत म्हणे. पण मला दुसरं येत नाही. राइस मिलमध्ये एकतीस वर्षं मी हमालांची पत्रं लिहून दिली. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं अक्षर धानाच्या पोत्यांवरची नावं वाचून शिकलो. पत्र म्हटलं की पहिले तब्येत, मग काम.

तर काम असं. करडीच्या कापगत्यांची डिंपल नागपूरला शहरं कशी आखायची ते शिकते. तिनं गावात बारा जागी बारा डब्ब्या टांगल्या. एकेक पांढरी, साबणाच्या डबीएवढी. आत गरमी मोजायचं यंत्र, बाहेर आकडा दिसतो. कुठं किती तापतं, वारा कुठून येतो, कुठं अडतो, याचा रंगीत नकाशा होणार. तो पाहून नगरपंचायत ठरवणार की नवी बाजाराची इमारत कुठं उभी करायची.

आमच्या वार्डाची डब्बी तिनं तुलारामच्या टिनाच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर बांधली. म्हणाली, "आबाजी, ह्या गल्लीत माणसं दाट राहतात, म्हणून हा खांब निवडला. दिवसातून तीनदा आकडा लिहा, संध्याकाळी फोनवर सांगा. पोटच्या पोरासारखी सांभाळा इले."

वाऱ्यासाठी बांबूला लाल फीत दिली. मी म्हटलं, बेटा, फीत राहू दे, आणि मूठभर कोंडा हवेत सोडून दाखवला. किती पावलं गेला, कोणत्या अंगाला पडला, ते पाहिलं की वारा कळतो. मिलच्या फरशीवर उकडलेलं धान वाळवताना आम्ही असाच वारा वाचायचो. पोरगी खूश झाली. वहीत लिहून घेतलं तिनं: कोंडा, सतरा पावलं, बोडीकडून.

ही बोडी म्हणजे वार्डाच्या पश्चिमेची लहान तळी. बोडी आणि आमच्या घरांच्या मध्ये मोकळं मैदान आहे. दिवसा त्यातून आगीचा झोत येतो, पण सूर्य बुडाला की तोच वारा बोडीवरून ओला होऊन येतो. टिनाची घरं तेव्हा कुठं श्वास घेतात.

सरकारी वस्तू गळ्यात पडली. कोणी फोडली, चोरली तर? भीती वाटते.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना झाली, मग दरवर्षीसारखी विहारासमोर कडुनिंबाखाली पाणपोई बांधली. चार बांबू, वर जांभळीचा पाला, तीन बाजूंनी पोती, आत पाच माठ. पोत्यांवर दर दोन तासांनी पाणी मारायचं काम माझं.

दुपारी खांबावरची डब्बी पाहायला गेलो. हात लावला तर चटका बसला. पोट्टे तिच्यावर गोटे मारून राहिले होते ते वेगळंच.

मला सुखराम आठवला. मिलचा सुखराम. मे महिन्याची दुपार, फरशीवर धान पलटताना उभ्याचा खाली बसला आणि तसाच आडवा झाला. मी दहा पावलांवर होतो. मला वाटलं दम खातो आहे. पोत्याला पाणी लावून त्याच्यावर टाकायला मी पोचलो तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं होतं आणि डोळे उघडेच होते. त्या दिवसापासून उन्हात कोणीही दिसलं, माणूस असो की बकरी, माझा हात ओल्या पोत्याकडे जातो.

डब्बी सोडून आणली. पाणपोईत माठांच्या वर टांगली आणि वरून ओलं पोतं टाकलं. खांबापासून चाळीस पावलं तर आहे. गल्ली तीच, वार्ड तोच. आता कोणी गोटा मारणार नाही आणि ती जळणारही नाही. डिंपलला सांगायचं राहिलं. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीला कशाला त्रास.

१९ एप्रिल

आज बाजारातल्या डब्बीत दुपारी त्रेचाळीस. आमच्या डब्बीत सदतीस! मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

फोनवर डिंपल म्हणाली, "आबाजी, तुमचा वार्ड तर कमालच आहे. बोडीचा वारा असेल." मी म्हटलं, असेल बेटा.

तुलाराम तर फुगून टुम्म झाला. पाणपोईत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "कुठं चाल्ले उन्हातानाचे? बसा इथं. हे आमचं चिखलदरा आहे."

पार्वताबाई गुडघा धरून माठ भरायला आली. डब्बीच्या पोत्यावर मी पाणी शिंपत होतो.

"अजी, बेचाळीस वर्सं झाली लग्नाले. मह्यावर कधी असं पाणी मारलं का तुम्ही?"

"तू कुठं सरकारी आहेस?"

"हाव, मी बिनपगारी. डब्बीचाच संसार करा आता."

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, हसू नका रे बाबांनो, वस्तू लोकाची आहे.

२ मे

हे कोणाला बोललो नाही, वहीतच लिहितो.

मला काहीतरी झालं आहे. डब्बी दुपारी अडतीस म्हणते. अडतीस म्हणजे काही फार नाही. पण मी घरात पाय ठेवला की डोकं गरगरतं, टिनाखाली कानशिलं ठणकतात, जीभ लाकडासारखी होते. आकडा खोटं कशाला बोलेल? मग खोट माझ्याच शरीरात. सुखरामला आधी असंच होत असेल का?

रत्नमालाकडून बीपी मोजून घेतलं. म्हणाली, "मामाजी, चांगलं आहे. काहून घाबरता?"

"मग मले इतकं गरम काहून लागते?"

"गरमच आहे ना! मले नाही लागत का?"

"डब्बीत अडतीसच आहे."

तिनं बीपीचं यंत्र पिशवीत टाकलं. मग म्हणाली, "डब्बीले घरोघर फिरा लागत नाही," आणि चप्पल घालून गेली.

संध्याकाळी रुखमिणी आली. बिड्या वळणारणीचं ऊन दुहेरी. पंखा लावला तर तंबाखू उडतो, पानं वाळतात, म्हणून दार लोटून, पंखा बंद करून टिनाखाली बसायचं. म्हणाली, "भाऊ, जीव जाऊन राहिला वं माय. बिड्यांचं सूप घेऊन पाणपोईत येऊन बसू का दुपारचं?"

तिथं वाऱ्यानं तंबाखू उडेल, हे मी म्हटलं. आणि आणखीही म्हटलं: "रुखमिणी, अवो अडतीस तर आहे. बाजारात पंचेचाळीस आहे, ते लोक काय करत असतील? मनानं घेतलं की गरम जास्त लागते."

ती म्हणाली, "असं का? मग मीच नाजूक झाली म्हणायची." हसत गेली.

तिला धीर दिला, बरं केलं. पण माझं मला कोण धीर देणार?

१६ मे

बुद्धपौर्णिमा. खीर वाटली. दुपारी कडुनिंबावरून एक मैना पाणपोईत टपकन पडली, चोच उघडी. डब्बीच्या पोत्याखाली ठेवली, पापणी हलली, तासाभरानं उडाली. लोक म्हणाले पुण्य लागलं. मला मात्र झाडाच्या सावलीतून पाखरू पडतं हे काही बरं वाटलं नाही. आकडा साडेअडतीस.

१८ मे

नकाशा पाहिला.

डिंपलनं सभागृहात भिंतीवर लावला होता. बाजार लालभडक, बसस्टँड लाल, तहसीलकडचा भाग नारंगी. आणि आमचा वार्ड निळा. सगळ्या गावात एकच निळा ठिपका. तुलारामनं टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. डिंपल सर्वांसमोर म्हणाली, "परसराम आबाजींचे आकडे सगळ्यात नेमाचे. एक दिवस चुकला नाही त्यांचा." मला उठून उभं राहावं लागलं.

मग ती पुढं बोलली. जुन्या बाजाराजवळ इमारत उभी केली तर लाल भाग आणखी तापेल. म्हणून ती बोडीजवळच्या मैदानात घ्यावी. तीन मजले. निळ्या वार्डाला दोन-तीन डिग्रीचा फरक पडला तरी सोसेल.

बोडीजवळचं मैदान.

सभा सुटल्यावर मी तिच्याजवळ गेलो. "बेटा, संध्याकाळचा वारा त्याच मैदानातून येते. कोंड्याचे आकडे मीच दिले तुले."

"हो आबाजी, आहेत ना नकाशात. हा बघा बाण." तिनं बोट ठेवलं. "वारा अडेल थोडा, खरं आहे. पण तुमच्याकडे थंडावा आहे, म्हणून चालून जाईल. तुमचे आकडे नसते तर मी हे म्हटलंच नसतं. तीन जूनला मीटिंग आहे, तेव्हा पक्कं होईल."

माझेच आकडे. घरी आलो. पार्वताबाई म्हणाली, "सत्कार झाला न जी? मग तोंड काहून असं उतरलं?" मी म्हटलं, ऊन लागलं. ती म्हणाली, "थंड्या वार्डात?"

२६ मे

घाईत लिहितो. अक्षर बिघडलं तर बिघडो.

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतला, दुसरा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला तुलाराम पाणपोईत आडवा होता. मी म्हटलं, रुखमिणीला ताक दे नेऊन. तो गेला आणि त्याची हाक आली. हाक कसली, बैल ओरडावा तशी.

सूप मांडीवरून सांडलेलं, तंबाखू सगळीकडे. रुखमिणी भिंतीला टेकून. अंगाला घामाचा थेंब नाही, कोरडं, आणि ताप असा की हात लावला तर ओढून घ्यावा. मला ओळखलं नाही. म्हणाली, "बाबा, धान आत घ्या, आभाळ आलं." तिचा बाप मरून तीस वर्षं झाली.

माझ्यासमोर सुखराम. तेच उघडे डोळे.

मी धावलो. या वयात धावलो. डब्बीवरचं ओलं पोतं हिसकून काढलं आणि तिच्यावर टाकलं. रत्नमाला आली, तिनं बादल्या ओतल्या, काखेत ओले फडके ठेवले, एकशेआठला फोन केला. गाडीत चढवताना तुलाराम मला म्हणाला, "भाऊ, सकाळीच म्हणत होती, आज लय गरम आहे. मी म्हणलो, अडतीस तर आहे."

भंडाऱ्याला नेलं आहे.

२७ मे

पोतं रुखमिणीसोबत गेलं. डब्बी उघडीच राहिली होती. दुपारी नेमाप्रमाणे आकडा लिहायला गेलो.

एकेचाळीस.

कालच्यापेक्षा आज ऊन जास्त नव्हतं. मी माठातल्या पाण्यानं दुसरं पोतं ओलं करून डब्बीवर टाकलं. पाव तास बसलो. एकोणचाळीस. पोतं काढलं. बसलो. चाळीस. एकेचाळीस.

मग डब्बी हातात घेऊन, उन्हात धरायला नको म्हणून धोतराच्या सोग्याआड लपवून, चोरासारखा खांबाकडे गेलो. जुन्या जागी बांधली. पंचेचाळीस. तुलारामच्या घराला कडी लावलेली नव्हती. आत रुखमिणीच्या जागेवर खिळ्याला टांगली, दार लोटलं आणि सांडलेल्या तंबाखूत बसलो. अर्धवट वळलेली बिडी तशीच पडली होती.

सत्तेचाळीस.

माझ्या शरीरात काही खोट नव्हती. एवढे दिवस माझं अंग खरं बोलत होतं आणि मी त्यालाच दटावत होतो. रुखमिणीलाही दटावलं.

दीड महिना मी डिंपलला वार्डाची नाही, माठाची गरमी सांगितली.

२८ मे

डिंपलला फोन लावला. ती म्हणाली, "आबाजी, तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे बेटा. आणि ठेवून दिला.

२९ मे

पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिनं विचारलं, आजचा आकडा? माझ्या तोंडून काय निघालं? "अडतीस." देवाशपथ म्हणायची सोय नाही मला, पण वहीशपथ सांगतो, मी ठरवून बोललो नाही. जिभेला वळणच पडलं आहे.

काय होईल? पोरीची पदवी बुडेल. नकाशावर सह्या झाल्या आहेत म्हणे, खोटे आकडे दिले म्हणून मला चौकीवर नेतील का? वार्डातले म्हणतील, म्हाताऱ्यानं निळा रंग पुसला, नाक कापलं. आणि बोललो नाही तर? मैदानात तीन मजले. सूर्य बुडेल आणि वारा येणार नाही. दुसऱ्या वर्षीच्या नवतपात किती रुखमिणी?

पार्वताबाईला सांगितलं. ती गुडघा चोळत ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही मिलमधल्या लोकायची पत्रं लिवत होते तवा कोण्या हमालाची लबाडी लिवली का कधी?"

"नाही. जे सांगे तेच लिवलं."

"मंग आता बी तसंच लिवा न. रुखमिणी सांगते असं समजा."

३० मे

एसटीनं भंडाऱ्याला गेलो. रुखमिणी जिवंत आहे. डोळे उघडते, पाणी पिते, पण नवऱ्याला "कोण जी तुम्ही?" म्हणते. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पूर्ण सुधारेल की नाही आत्ता सांगता येत नाही. उशाशी माझं पोतं घडी घालून ठेवलेलं.

बाहेरच्या बाकावर तुलारामला सगळं सांगितलं. डब्बी हलवली ते, पोतं, सत्तेचाळीस. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो दवाखान्याच्या भिंतीकडे पाहत बसला. "मी बी तर तिथंच लोळत होतो न भाऊ," तो म्हणाला. "चिखलदऱ्यात. ती घरात होती." मग म्हणाला, "मले कायले सांगता? माह्याजवळ कोणता नकाशा आहे? त्या पोरीले सांगा."

तो एसटीपर्यंत सोडायलाही आला नाही. दरवेळी येतो.

३१ मे, मंगळवार

तोंडानं होत नाही ते हातानं होईल. इथंच लिहितो. रत्नमाला या पानाचा फोटो काढून पाठवणार आहे. म्हणाली, "मामाजी, खाडाखोड झाली तरी राहू द्या, बदलू नका."

चिरंजीव डिंपल हिस, परसराम मेश्रामचा जयभीम आणि आशीर्वाद.

करडीला तुझ्या बाबांचं कंबरदुखणं कसं आहे? आईला रात्री झोप लागते का? आजी ऐंशीची आहे म्हणाली होतीस, तिला दुपारी बाहेर निघू देऊ नका. आणि तू, बेटा, उन्हात पायी फिरतेस, डोक्याला फडकं बांधतेस ना?

आमच्याकडे तब्येत चांगली नाही. खांबासमोरची रुखमिणी तापानं पडली. माणसं ओळखत नाही. तिला गरम लागत होतं आणि मी तिला तुझ्या डब्बीचा आकडा दाखवून गप्प केलं.

तो आकडा खरा नव्हता. चौदा एप्रिलला मी डब्बी खांबावरून काढून पाणपोईत माठांवर टांगली आणि तिच्यावर ओलं पोतं टाकलं. तिला ऊन लागू नये म्हणून. तुला सांगितलं नाही. त्या दिवसापासूनचा माझा एकही आकडा नकाशात ठेवू नकोस. परवाचा अडतीस तर सरळ खोटा होता. तेव्हा मला माहीत होतं.

खरे आकडे हे. दुपारी तीन वाजताचे, रोज दोन्ही जागी डब्बी नेऊन घेतलेले. खांबावर: २७ ला पंचेचाळीस, २८ ला साडेपंचेचाळीस, २९ ला पंचेचाळीस. रुखमिणीच्या घरात टिनाखाली, दार लोटून: सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, साडेसेहेचाळीस. काल मी भंडाऱ्याला होतो. आज खांबावर सेहेचाळीस. डब्बी आता खांबावरच आहे. तापली आहे, पण मी पोतं टाकणार नाही.

कोंड्याचे आकडे मात्र खरे आहेत. ते तसेच ठेव. आज सूर्य बुडाल्यावर मैदानात उभा राहून मूठ सोडली. एकोणीस पावलं, बोडीकडून. तुलारामच्या दारापर्यंत गेला. घर रिकामं आहे, दार मी उघडं ठेवलं आहे.

आमचा वार्ड लाल कर. लोकांना मी सांगेन. माझं नाव घेऊन सभेत सांग, चौकीवर यायचं असेल तर येतो, चपला दाराशीच आहेत. तुझ्या शिक्षणाचं माझ्यामुळं नुकसान होत असेल तर मी नागपूरला येऊन तुझ्या सरांसमोर हेच वाचून दाखवीन. फक्त ते मैदान बंद होऊ देऊ नकोस.

मीटिंग शुक्रवारी आहे. आज मंगळवार. रागावलीस तर रागाचंच लिही, दोन ओळी लिही, पण बेटा, लवकर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू तब्येत विचारशील आणि मी पुन्हा बरी आहे म्हणून टाकीन.